रद्द झालेले तीन मंगळवार

१

तीन मंगळवार रद्द झाले, फाइल बंद झाली, आणि रद्द कोणी केले ते कोणालाच ठाऊक नाही. सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला तक्रारबाईंच्या टेबलावर एवढं येऊन पडलं आणि त्यांचं डोकं जे फिरलं ते आठवडाभर काही जागेवर आलं नाही.

संस्था ऑनलाइन समुपदेशनाची. कोणाची दारू सुटत नाही, कोणाच्या गोळ्या सुटत नाहीत, कोणाला सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. अशी माणसं आपापल्या घरी फोनसमोर बसायची, आणि इकडे तिसऱ्या मजल्यावर, प्लायवूडच्या खोक्याएवढ्या खोल्यांत, समुपदेशक कानाला हेडफोन लावून त्यांचं ऐकायचे. तक्रारबाई त्यांतल्या नव्हेत. टेलिफोन खात्यात सव्वीस वर्षं लोकांचे बिघाड ऐकले, निवृत्त झाल्या, घरी बसून विटल्या आणि इथे येऊन पुन्हा लोकांचे बिघाडच ऐकायला लागल्या. समोर त्यांना सगळे बाई म्हणत. पाठीमागे तक्रारबाई. त्यांना दोन्ही माहीत होतं.

समोर उभा होता एक बस ड्रायव्हर. चाळिशीचा, अंगानं आडवा, हातात टोपी, कामावर रजा टाकून आलेला. अडीच महिन्यांपूर्वी कामावर पिऊन आला म्हणून कंपनीनं त्याच्या हातून स्टिअरिंग काढून पाण्याचा पाइप दिला होता. डेपोत बस धुवायच्या, आणि बारा सेशन पूर्ण झाल्याचं संस्थेचं पत्र आणलं तरच पुन्हा गाडी मिळणार, अशी अट. सात सेशन झाली. दर मंगळवारी पाच वाजता. मग ओळीनं तीन मंगळवार रद्द. आणि संस्थेचा नियम असा की तीन सेशन लागोपाठ बुडाली की फाइल बंद, कंपनीला तसं पत्र. ते पत्र शुक्रवारी जाणार होतं. पत्र गेलं की याची नोकरी गेली.

त्यानं फोन पुढे केला. 'आपलं आजचं सेशन रद्द झालं आहे. तसदीबद्दल क्षमस्व.' तिन्ही वेळा हाच मजकूर. त्याला वाटलं, समुपदेशक सरांना वेळ नसेल. पहिल्या मंगळवारी तसं वाटलं, दुसऱ्याला वाटलं सर कंटाळले, तिसऱ्याला वाटलं सरांनी सोडलं आपल्याला.

बाईंनी संगणकात पाहिलं. तिन्ही सेशन ड्रायव्हरच्याच खात्यातून, त्याचाच पासवर्ड घालून रद्द झाली होती. वेळ तिन्ही दिवशी दुपारी दोन वीसच्या आसपास.

"मी नाही केलं," तो म्हणाला. "पण पिणाऱ्याचा शब्द कोण धरतो, बाई."

खरं तर बाईंनीही धरला नव्हता. असे शब्द त्यांनी ढिगानं ऐकले होते. पण ड्रायव्हर म्हणाला की डेपोत कामावर असताना फोन फाटकावरच्या कपाटात कुलपात असतो, साडेतीनला सुटल्यावर मिळतो, विचारा तिथे. बाईंनी विचारलं. फाटकावरचा माणूस वैतागून वही उघडून बसला आणि म्हणाला, तिन्ही मंगळवारी फोन सकाळी आठला आत, दुपारी साडेतीनला बाहेर, सही आहे.

म्हणजे दोन वीसला हा माणूस बस धूत होता आणि त्याच्या नावानं दुसरंच कोणीतरी बटण दाबत होतं.

२

आधी घरचं झाडावं म्हणून बाई समुपदेशकाच्या खोक्यात शिरल्या. सगळे त्याला सर म्हणत. तिशीतला, हळू बोलणारा, डोळ्यांखाली काळं. एकट्यावर चौतीस माणसं. त्यालाही तोच संदेश गेला होता, 'आपलं आजचं सेशन रद्द झालं आहे.' कोणी केलं ते त्यालाही लिहिलेलं नव्हतं. त्याला वाटलं ड्रायव्हरनं केलं, ड्रायव्हरला वाटलं सरांनी केलं, आणि ॲप दोघांची क्षमा मागून मोकळं झालं होतं.

फोन का नाही केलात, असं बाईंनी विचारलं. खासगी फोन करायचा नाही, सगळं ॲपमधूनच, असा नियम आहे, असं उत्तर आलं. बाईंनी दात आवळले. नियम कोणी केला, का केला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. टेलिफोन खात्यातही असे नियम होते आणि तेही कोणी केले ते कधी कळलं नाही.

भांडण झालं होतं का? सर कसंनुसं हसला. दुसऱ्याच सेशनला ड्रायव्हर त्याच्यावर ओरडला होता, तुम्ही कधी प्यायलात का, मग मला काय शिकवता, म्हणून. पण पुढे बसत गेला, बोलत गेला. रडायचाही. सरनं पडद्यावर आलेख काढून दाखवला. प्रत्येक सेशन संपलं की ॲप माणसाला विचारतं, आता कसं वाटतंय, आणि माणूस शून्य ते दहा यांतला एक आकडा दाबतो. ड्रायव्हरचे आकडे होते तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ, नऊ. सर त्या आलेखाकडे बघत म्हणाला की चौतिसांत एवढी चांगली चढती रेघ दुसऱ्या कोणाची नाही. शुक्रवारी गटाचंही सेशन असतं, ते या बारांत धरत नाहीत आणि घेतात दुसऱ्या एक समुपदेशक बाई. तिथे आकडा विचारत नाहीत, आणि ड्रायव्हर तिथे एकदाही चुकला नव्हता. शुक्रवार कोणी रद्दच केला नव्हता.

तंत्रज्ञ तीन पडद्यांमागे नाक ओढत बसला होता. कोणत्या फोनवरून रद्द झालं ते ॲप ठेवत नाही, म्हणाला. का ठेवत नाही? सांगितलं नव्हतं ठेवायला. तू कोणाच्याही खात्यात शिरू शकतोस का? हो. आणि हे 'हो' त्यानं इतक्या निवांतपणे म्हटलं की बाईंना त्याच्याबद्दल क्षणभर आशाच वाटली. पण दर मंगळवारी दोन ते तीन सगळ्या ऑफिसची बैठक असते, डायरेक्टरसाहेब सगळ्यांचे फोन एका टोपलीत जमा करतात, आणि त्या बैठकीत सर, तंत्रज्ञ आणि खुद्द बाई तिन्ही मंगळवारी जांभया दाबत बसलेल्या होत्या. ऑफिस संशयातून सुटलं.

उठता उठता तंत्रज्ञ म्हणाला, "त्या ड्रायव्हरबद्दल एक तक्रार पण आली होती ना. वेबसाइटवरून."

तक्रार अधिकारी कोण, असं बाईंनी शांतपणे विचारलं. तुम्ही, असं तो म्हणाला. मग तक्रार माझ्याकडे का नाही आली? त्यावर त्यानं समजावून सांगितलं की वेबसाइटवरच्या तक्रारी त्याच्याकडे येतात, तांत्रिक असतील त्या तो ठेवतो आणि नसतील त्या डायरेक्टरसाहेबांच्या फोल्डरला जातात. बाई तिथे नोकरीला लागून चौदा महिने झाले होते. चौदा महिने त्या रिकाम्या टेबलावर बसून म्हणत होत्या की लोक बरे समाधानी आहेत.

तक्रारीखाली नाव नव्हतं. तारीख होती पहिल्या रद्द मंगळवारच्या आदल्या दिवसाची.

'फाइल क्रमांक ४१७. हा उपाय मानवत नाहीये. तीनवर होता, आता नवावर गेला आहे. डोळे लाल, अन्नावर वासना नाही. ताबडतोब थांबवावा व कळवावे.'

डायरेक्टरसाहेबांनी ती वाचली होती. त्यांनी त्याचा अर्थही लावला होता. तीन पेले घ्यायचा तो आता नऊ घेतो, सेशनचा काही उपयोग नाही, घरचं कोणीतरी कळवतंय. म्हणून तर फाइल बंद करताना त्यांनी दुसऱ्यांदा विचार केला नाही. आणि फाइलचा क्रमांक घरच्यांखेरीज बाहेर कोणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

३

मंगळवारी दुपारी, बैठकीला बुट्टी मारून, बाई ड्रायव्हरच्या घरी गेल्या. लिफ्ट नाही, दोन जिने, आणि बाईंचा उजवा गुडघा दर पायरीला स्वतंत्र तक्रार नोंदवत होता.

दार बायकोनं उघडलं. प्राथमिक शाळेत शिक्षिका; शाळा सकाळची, एकला घरी. इस्त्रीच्या टेबलावर वह्यांचा गठ्ठा, हातात लाल पेन. बाई बसेपर्यंत तिनं एका वहीवर दहापैकी नऊ दिले, बाजूला 'छान' लिहिलं, खाली चांदणी काढली आणि मग मान वर केली.

दाराआड भरलेली बॅग उभी होती. बाईंची नजर तिच्यावर गेलेली पाहून शिक्षिका म्हणाली की ती अडीच महिन्यांपूर्वी भरली होती, माहेरी जायला. मग तो सेशनला बसायला लागला म्हणून थांबले. "उघडून कपडे परत कपाटात ठेवायचा अजून धीर होत नाही," ती म्हणाली.

पासवर्ड? तो फ्रिजच्या दारावरच चिकटवलेला होता. नवऱ्याच्या मोठ्या बहिणीनं, ताईंनी, ॲपवर त्याचं नाव नोंदवलं तेव्हा लिहून लावला. ताई याच घरात राहतात. तो घातला की कोणाच्याही फोनवर आलेख वगैरे सगळं दिसतं, तीही कधीमधी बघते. नऊ पेल्यांचं विचारल्यावर शिक्षिकेचा पारा चढला. रोज सकाळी डेपोच्या फाटकावर फुंकायला लावतात, अडीच महिन्यांत एकदाही यंत्र वाजलेलं नाही, आणि नऊ पेले पोटात घेऊन हे दोन जिने कोण चढून दाखवेल, असं तिनं विचारलं. बाईंना ते लगेच पटलं. त्यांना तर काही न पिता चढवत नव्हते. पण सेशननंतर डोळे लाल असायचे, हे तिनंही कबूल केलं. न जेवता झोपायचा, असंही.

पावणेतीनला ताई आल्या. मोठ्या दवाखान्यात नर्स, सकाळची पाळी. पांढरे बूट दारात जोडीनं ठेवले, हात कोपरापर्यंत धुतले आणि मग पाहुणीकडे वळल्या. बाई कोण, कशाला आल्या, हे ऐकायच्या आधी त्यांचं लक्ष बाईंच्या पायाकडे गेलं.

"किती दुखतंय? शून्य ते दहा."

"सात," बाई म्हणाल्या.

ताईंनी स्टूल ओढलं, पाय उचलून त्यावर ठेवला आणि गार पाण्याची पट्टी आणली. बाईंना हे माणूस आवडलं. तपास करणाऱ्याला कोणी आवडू नये, हे त्यांना माहीत होतं, पण गुडघ्याला ते कळत नाही.

ताईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. आई गेली तेव्हा भाऊ सहा वर्षांचा, ताई सतरा. त्याला तिनंच वाढवलं. वडील दारूनंच गेले, तेही तिच्याच वॉर्डात. भावाला या संस्थेत तिनंच घातलं, शिफारस वॉर्डातल्या एका डॉक्टरांनी केली म्हणून. फाइल बंद झाली हे ऐकलं तेव्हापासून तिला झोप नाही. रद्द कोणी केलं असेल, यावर त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि पट्टी पालटली.

बाई निघाल्या तशी शिक्षिका जिन्यापर्यंत सोडायला आली, दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, मी केलं. तिन्ही वेळा. माझं नाव लिहा."

४

डायरेक्टरसाहेब खूश झाले. नियमात सोय होती: पेशंटला न विचारता दुसऱ्या कोणी सेशन रद्द केलं असं लेखी सिद्ध झालं, तर ती सेशन बुडालेली धरत नाहीत. बायकोनं केलं, बायकोनं कबूल केलं, फाइल उघडा, पत्र थांबवा, आणि बाई, आता तुमचं ते इतर काम बघा. इतर काम म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाईंनी सही केली नाही. बुधवारचा अख्खा दिवस त्या चिडचिड करत बसल्या. शिक्षिकेला त्यांनी जिन्यातच विचारलं होतं, रद्द करायचं बटण कुठे असतं ॲपमध्ये? तिनं सांगितलं ते चूक होतं. नवऱ्याची फाइल उघडावी म्हणून बिचारी दुसऱ्याचं पाप पदरात घ्यायला निघाली होती. तिचं नाव लिहिलं तर कागद नीट होईल, पण ज्याचं बोट त्या बटणावर पडत होतं ते बोट तसंच राहील आणि पुढचा मंगळवारही जाईल. शुक्रवारला दोन दिवस उरले होते.

गुरुवारी सकाळी त्यांनी सगळं पुन्हा मांडलं. शिक्षिका एकपासून घरी असते. तिला बटण दाबायचं तर ती एकला दाबेल, दोनला दाबेल, पावणेपाचलाही दाबेल. तिन्ही वेळा दोन वीसच का? ज्याचा वेळ त्याच्या हातात नाही असा माणूस घड्याळाला असा बांधलेला असतो. दुसरं, वैर असतं तर शुक्रवारही रद्द झाला असता. फक्त मंगळवार. मंगळवारी असं काय होतं जे शुक्रवारी होत नाही? तिसरं ते नऊ. पेले नव्हेत, हे फाटकावरच्या यंत्रानं सांगितलं. मग तीनवरून नवावर गेलं काय?

तीनवरून नवावर जाणारी एकच गोष्ट त्यांनी पाहिली होती, ती सरच्या पडद्यावर. पण ती तर चांगली रेघ. चांगली रेघ बघून कोण लिहील, ताबडतोब थांबवावा?

त्या तंत्रज्ञाकडे गेल्या आणि म्हणाल्या, पेशंटच्या घरी फोनवर आलेख दिसतो तसा मला दाखव. त्यानं दाखवला. वर 'सेशननंतर', खाली तारखा, बाजूला शून्य ते दहा आणि चढत जाणारे ठिपके. बाकी काही नाही.

"दहा म्हणजे चांगलं, हे कुठे लिहिलंय?"

"होतं की. शून्याशी 'फार वाईट', दहाशी 'फार छान'. छोट्या फोनवर मावेना, म्हणून काढलं." त्यानं नाक पुसलं. "कोणालाही कळतं तेवढं."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. शिक्षिकेला कळत होतं. तिच्याकडे नवाला चांदणी मिळते. सरला कळत होतं. पण परवाच त्यांना स्वतःला कोणीतरी दहापैकी आकडा विचारला होता, त्यांनी सात म्हटलं होतं, आणि ऐकणारीनं शाबासकी दिली नव्हती. पाय उचलून स्टुलावर ठेवला होता.

"हे देवा," बाई म्हणाल्या आणि पर्स घेऊन थेट दवाखान्याकडे निघाल्या.

५

वॉर्डाच्या मागे धुतलेल्या चादरींची एक खोली होती. दोनला पाळी संपली, वॉर्ड पुढच्या सिस्टरच्या ताब्यात देईपर्यंत सव्वादोन झाले, आणि दोन वीसला ताई तिथल्या कपाटातून आपला फोन काढत असताना बाई आत आल्या. ताईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि फोन परत ठेवला.

"वॉर्डात एखाद्याला औषध सुरू केलं," बाई म्हणाल्या, "आणि दर डोसनंतर दुखण्याचा आकडा वाढायला लागला, तीन, चार, सहा, सात, तर तुम्ही काय करता?"

"डोस थांबवते. डॉक्टरांना कळवते."

"आणि डॉक्टरांनी उत्तरच दिलं नाही तर?"

ताई चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या. "तरी थांबवते. उत्तर येईपर्यंत."

बाईंनी मग सगळं सांगितलं. सांगताना त्यांना स्वतःचाच राग येत होता, कारण हे सांगण्यात कसलीही मर्दुमकी नव्हती. शुक्रवारी आकडा विचारत नाहीत, म्हणून शुक्रवार राहिला. मंगळवारी आकडा वाढत होता, म्हणून मंगळवार थांबला. आधी कळवलं, मग थांबवलं, वॉर्डातल्या शिस्तीनं. फक्त त्या आलेखावर दहा म्हणजे असह्य नव्हतं. दहा म्हणजे फार छान होतं.

ताईंना ते एकदा ऐकून कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे नऊ..."

"नऊ म्हणजे त्या दिवशी तो आयुष्यात कधी नव्हे इतका मोकळा होऊन खोलीबाहेर आला होता."

बराच वेळ ताई एका चादरीची घडी घालत राहिल्या. तीस वर्षं हाच आकडा विचारतेय, म्हणाल्या. नऊ म्हटलं की माणूस पळत जातो, विचार करायला थांबत नाही. तो लाल डोळ्यांनी बाहेर यायचा, ताट सारायचा, आणि आकडा नऊ. वहिनीशी बोलायची सोय नव्हती, ती म्हणायची सेशन व्हायलाच हवं, त्यावरून दोनदा वाद झाला होता. त्याला सांगितलं असतं तर तो दुखावला असता. म्हणून गुपचूप. तीन बुडाली की फाइल बंद होते, हे माहीतच नव्हतं. आणि बंद झाल्यावर सांगायला तोंड उरलं नव्हतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं त्या म्हणाल्या आणि घडी मोडून पुन्हा घातली.

"यंत्राचा बिघाड लिहा ना," मग त्या म्हणाल्या. "त्याला कळायला नको, बाई. मी सोडून त्याचं कोणी नव्हतं."

ती विनंती बाईंच्या जिव्हारी लागली. बिघाड लिहिणं सोपं होतं. सव्वीस वर्षं त्यांनी तेच लिहिलं होतं. पण बिघाड लिहिला की नियमाप्रमाणे तंत्रज्ञानं तो तपासायचा, त्याला तीन महिने लागणार, आणि पत्र उद्या जाणार. नाव लिहावंच लागेल, असं बाई म्हणाल्या. त्यालाही तुम्हीच सांगायचं, माझ्या कागदावरून कळायला नको.

६

शुक्रवारी सकाळी डायरेक्टरसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि विचारलं की मग चूक कोणाची लिहायची. बाईंनी बोटं मोजली. आलेखावरची अक्षरं काढणाऱ्याची, तक्रार दाबणाऱ्याची, अर्थ परस्पर लावणाऱ्याची, दोघांनाही एकच संदेश पाठवणाऱ्या ॲपची, आणि शेवटी, अगदी खालच्या पट्टीत, नर्सची. साहेबांनी 'नर्सची' एवढंच लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असं बाई तोंडावर बोलल्या. साहेबांनी ऐकलं नसल्यासारखं करून सही केली. पत्र थांबलं. फाइल उघडली. आठवं सेशन येत्या मंगळवारी, पाच वाजता.

कागद घेऊन त्या दुपारी चारला ते दोन जिने पुन्हा चढल्या. ड्रायव्हर नुकताच डेपोतून आला होता, पँटच्या खालच्या कडा ओल्या. शिक्षिका इस्त्रीच्या टेबलापाशी उभी. ताईंनी आजची पाळी बदलून घेतली होती आणि सकाळपासून त्या घरातच होत्या.

बाई काही बोलायच्या आत ताईंनीच सांगून टाकलं, उभ्या उभ्या, एका दमात, वॉर्डातली नोंद वाचावी तसं. मी रद्द केलं. तिन्ही वेळा. आकडा उलटा वाचला. शिक्षिकेच्या हातातलं पेन खाली पडलं आणि ते उचलायला कोणी वाकलं नाही.

ड्रायव्हर खुर्चीत बसला. त्याला राग येईल असं बाईंना वाटलं होतं, तो येऊन जावा असं वाटतही होतं, कारण रागाला निदान शेवट असतो. पण तो टोपी फिरवत राहिला.

"मला वाटलं सरांनी सोडलं," तो म्हणाला. "तिसऱ्या मंगळवारी मी दुकानात गेलो होतो, ताई. घरी यायच्या आधी. दोन घेतल्या. सकाळपर्यंत उतरली, यंत्राला कळलं नाही."

ताईंनी भिंतीला हात लावला आणि तो तिथेच ठेवला. त्यांच्या तोंडून जे आलं ते रागावणंच आलं, लहानपणापासूनचं.

"मग मला का नाही सांगितलंस तेव्हाच?"

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघ, मी म्हणत होते ना, त्या बोलण्यानंच हे होतंय."

ताईंनी मान डोलावली. हो, म्हणाले असते. अगदी हेच म्हणाले असते.

ड्रायव्हर मग बाईंकडे वळला आणि म्हणाला की हे ऐकल्यावर तो कागद परत न्यायचा असेल तर न्या. बाईंच्या हातात कागद होता, सही-शिक्क्याचा, चार दिवसांच्या कटकटीनं मिळवलेला. डायरेक्टरसाहेबांना यातला अर्धा शब्द कळला असता तर त्यांनी तो आनंदानं फाडला असता. बाईंना भयंकर थकल्यासारखं झालं. आठवडाभर त्यांनी जे शोधलं ते सगळं बरोबर निघालं होतं आणि कशालाच वेळेवर पुरलं नव्हतं.

"मी तक्रारी घेते," त्या म्हणाल्या. "ही तक्रार नाही. हे तू सेशनमध्ये सांगायचंस, सरांना. तिथे सांगितलेलं बाहेर जात नाही. अजून पाच सेशन आहेत, गाडी त्यानंतर. आणि हे न सांगता पाच केलीस तर मग मात्र गाडी घेऊ नकोस."

त्यांनी कागद वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवला. शिक्षिकेनं तो उचलला, वाचला, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. दोन पेल्यांचं ती बाई गेल्यावर बोलेल, आणि ते ऐकायला आपण इथे नसू याबद्दल बाईंना बरं वाटलं.

"मंगळवारी मी बाहेर जाईन पाच वाजता," ताई म्हणाल्या. भिंतीवरचा हात अजून निघाला नव्हता. "तासभर. म्हणजे तुला मोकळं बोलता येईल. फोन मी हातात पण धरणार नाही तुझा."

ड्रायव्हरनं टोपी टेबलावर ठेवली.

"बाहेर नको जाऊस. आत येऊन बस माझ्या शेजारी. त्या मंगळवारचं मला सरांना एकट्याला नाही सांगता यायचं."

ताई आतल्या खोलीत गेल्या, आणि थोड्या वेळानं तिथून दुसरी खुर्ची फोनच्या टेबलापाशी सरकवल्याचा आवाज आला. सेशनला अजून चार दिवस होते.